लिस्बनच्या जुन्या वस्त्या पायी कशा पाहाव्यात: आधी उंची, मग अंतर

लिस्बनला जाऊन आलेल्या दहा जणांना विचारलं, तर सात-आठ जण एकच तक्रार करतात. "शहर सुंदर आहे, पण दुसऱ्या दिवशी गुडघे गेले." पुढे चौकशी केली की कळतं, या मंडळींनी सकाळी दहाला नदीकाठच्या चौकातून सुरुवात केली, भर उन्हात किल्ल्यापर्यंत चढले, तिथून उतरून दुपारी दुसरी टेकडी चढले आणि संध्याकाळी तिसरी. मधे पिवळ्या ट्रामसाठी तासभर रांगेत उभे राहिले ते वेगळंच.

घोळ नकाशामुळे होतो. फोनवरचा नकाशा "चारशे मीटर, सहा मिनिटं" सांगतो, पण त्या चारशे मीटरमध्ये दीडशे पायऱ्या असू शकतात हे सांगत नाही. बाइशा ही मधली सपाट वस्ती जवळजवळ नदीच्या पातळीला आहे आणि तिला लागूनच असलेली किल्ल्याची टेकडी सुमारे ११० मीटर उंच. म्हणून या शहराचा बेत अंतरावर आखायचा नाही, उंचीवर आखायचा. प्रत्येक टेकडी एकदाच चढायची, तीही शक्यतो यंत्राने, आणि वस्ती वरून खाली उतरत पाहायची. खालचे सगळे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. क्रम बदलायचा असेल तर दिवसांचा बदला, टप्प्याच्या आतला बदलू नका.

## टप्पा १: निघण्याआधी घरी करायची तयारी

बूट. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसॉल्टच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत. शंभर वर्षं पाय घासून ते गुळगुळीत झालेत. कोरडे असतानाही उतारावर पाय सरकतो, पावसात तर विचारूच नका. चांगली पकड असलेले रबरी तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले बूट घ्या. सँडल, टाचेची पादत्राणं आणि नवे कोरे बूट, तिन्ही इथे त्रासच देतात.

राहण्याची जागा. किल्ल्याच्या उतारावरच्या अल्फामा या जुन्या वस्तीत घर भाड्याने घ्यायचा मोह होतो. घ्या, पण आरक्षणाआधी घरमालकाला तीन प्रश्न लेखी विचारा: गाडी कुठपर्यंत येते, तिथून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि इमारतीला लिफ्ट आहे का. अल्फामाच्या बऱ्याच भागात टॅक्सी शिरूच शकत नाही. तेवीस किलोची चाकांची बॅग त्या पायऱ्यांवर चाकांची राहत नाही, डोक्यावर घ्यावी लागते. आई-बाबा सोबत असतील तर सरळ बाइशा किंवा तिथल्या रोसियो चौकाच्या आसपास राहा. सपाट जागा, मेट्रो जवळ, आणि सगळे टप्पे तिथूनच सुरू होतात.

पत्ता वाचण्याची एक खूण लक्षात ठेवा. रस्त्याच्या नावानंतर आधी इमारतीचा क्रमांक येतो, मग मजला, मग डावी किंवा उजवी बाजू. तळमजला मोजणीत धरत नाहीत, आपल्याकडच्यासारखंच. म्हणजे "तिसरा मजला" हा जमिनीपासून तीन जिने वर.

वार. बेत आखताना आधी सोमवार आणि रविवार शोधा. सरकारी संग्रहालयं आणि शहराच्या पश्चिमेकडच्या बेलें भागातला जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. कार्मोचं छत नसलेलं चर्च, जिथे आता पुरातत्त्व संग्रहालय आहे, ते रविवारी बंद. सांता क्लारा मैदानातला जुना बाजार फक्त मंगळवारी आणि शनिवारी भरतो. सोमवार बाइशासाठी किंवा अल्फामाच्या गल्ल्यांसाठी ठेवलात की काहीच चुकत नाही.

महिना. १२ जूनच्या रात्री सांतो आंतोनियोचा उत्सव असतो. अल्फामाच्या प्रत्येक बोळात शेगड्या पेटतात, सार्डिन भाजले जातात, आणि पाय ठेवायला जागा उरत नाही. उत्सव पाहायचा असेल तर जरूर जा. शांतपणे वस्ती पाहायची असेल तर तो आठवडा टाळा. भर उन्हाळ्यात नऊच्या सुमाराला सूर्य मावळतो, डिसेंबरात सव्वापाचच्या सुमाराला. दोन ऋतूंचे बेत एकसारखे आखता येत नाहीत.

कागदपत्रं. पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटचे पंधरा दिवस उरेपर्यंत थांबू नका. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मुक्कामाच्या बिलात माणशी दर रात्री ४ युरो शहर-कर वेगळा लागू शकतो, तेरा वर्षांखालच्या मुलांना तो नाही. हा कर खरा आहे, हॉटेलवाल्याशी भांडू नका.

> तपासा: रात्री झोपण्याआधी उद्याच्या प्रत्येक ठिकाणासमोर "वर" किंवा "खाली" लिहा. दिवसाच्या यादीत "वर" दोनपेक्षा जास्त वेळा आलं तर यादी पुन्हा लावा.

## टप्पा २: प्रवासाचं कार्ड, आणि त्यात होणाऱ्या चुका

विमानतळावर उतरल्यावर मेट्रोच्या यंत्रातून नावेगांते कार्ड घ्या. कोरं कार्ड ५० सेंटला मिळतं आणि वर्षभर चालतं. हीच मेट्रोची लाल मार्गिका आलामेदाला नेते, तिथे हिरवी पकडली की मार्तीं मोनीझ, रोसियो आणि बाइशा-शियादो ओळीने येतात.

कार्डाच्या बाबतीत तीन चुका सतत होतात.

एक, चौघांत मिळून एकच कार्ड. चालत नाही. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, कारण एका कार्डावर एका वेळी एकच माणूस आत जातो.

दोन, एकाच कार्डावर दोन प्रकारचं भाडं भरण्याचा प्रयत्न. कार्डावर पैसे भरून प्रत्येक फेरीला थोडे कापून घ्यायच्या पद्धतीला तिथे झॅपिंग म्हणतात. चोवीस तासांचा पास हा वेगळा प्रकार. झॅपिंगचे पैसे शिल्लक असताना त्याच कार्डावर पास चढत नाही. दोन्ही हवे असतील तर दुसरं कार्ड घ्या, पन्नास सेंटचा तर प्रश्न आहे. आणि कोणत्या कार्डावर काय आहे ते पेनाने लिहून ठेवा, दिसायला दोन्ही सारखीच असतात.

तीन, ट्राममध्ये चढून चालकाकडून रोख तिकीट. मिळतं, पण कार्डाच्या मानाने बरंच महाग पडतं.

पास की झॅपिंग? दिवसातून पाच-सहा फेऱ्या होणार असतील तर पास. या लेखाप्रमाणे उतारावर चाललात तर दोन-तीनच फेऱ्या होतील, मग झॅपिंग पुरतं. साध्या ट्राम-मेट्रो पासात बेलेंला जाणारी उपनगरी रेल्वे येत नाही, झॅपिंगमध्ये येते. कार्ड मेट्रोतून बाहेर पडतानाही लागतं, म्हणून ते बॅगेच्या तळाशी टाकू नका.

## टप्पा ३: रस्त्याच्या नावावरून चढ ओळखा

हे पाच मिनिटांत पाठ होतं आणि दिवसभर पाय वाचवतं. निळ्या-पांढऱ्या पाट्यांवर रस्त्याच्या नावाचा पहिला शब्द बघा.

"रुआ" म्हणजे साधा रस्ता, काहीही असू शकतो. "काल्सादा" दिसलं की तीव्र चढ समजा, अपवाद विरळा. "एस्कादिन्यास" म्हणजे सरळ सरळ पायऱ्या. "त्रावेसा" ही दोन रस्त्यांना जोडणारी आडवी गल्ली, बहुतेक वेळा बऱ्यापैकी सपाट. "बेको" म्हणजे बोळ, तो पुढे बंद असू शकतो. "लार्गो" हा छोटा चौक, बसायला जागा आणि बऱ्याचदा पाण्याचा नळ. नळाचं पाणी शहरभर पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. "मिरादोरो" म्हणजे दृश्य पाहायचा कठडा. तो नेहमीच वर असतो, म्हणून तिथून सुरुवात करायची, शेवट नाही.

> सावधान: अल्फामात भिंती इतक्या जवळ आहेत की फोनवरचा निळा ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो. ठिपक्यावर विसंबून एखादा जिना चढलात आणि तो चुकीचा निघाला, तर तेवढ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. रस्ता चुकला तर चढून शोधू नका, उतरत राहा.

उतरत राहण्याच्या या नियमाला एक पोटनियम आहे. अल्फामात उतार नदीकडे नेतो. किल्ल्यामागच्या मोरारिया वस्तीत मात्र तो नदीकडे नेत नाही, मार्तीं मोनीझच्या चौकाकडे नेतो. बाइशाच्या पश्चिमेच्या टेकडीवरच्या बायरो आल्तोत दक्षिणेचा उतार नदीवर जातो, पूर्वेचा रोसियो आणि बाइशाकडे. एवढं डोक्यात असलं की नकाशा खिशात राहिला तरी चालतं.

## टप्पा ४: किल्ला आणि अल्फामा (सकाळ)

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

४.१ फुकट लिफ्ट शोधा. सकाळी साडेआठच्या सुमाराला बाइशातल्या रुआ दोस फांकेरोसवर या. १७० ते १७८ क्रमांकाच्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. बाहेरून साध्या घरासारखं दिसतं, माणसं समोरून निघून जातात. लिफ्ट वरच्या रुआ दा मादालेनाच्या पातळीला सोडते. बाहेर पडून समोरचा छोटा चौक ओलांडा. पुढे सुपरमार्केट आणि वाहनतळ असलेली इमारत आहे, तिच्यात दुसरी लिफ्ट. ती तुम्हाला कोस्ता दो कास्तेलो या रस्त्यावर आणून सोडते. दोन्हींना पैसे नाहीत. टेकडीचा मोठा भाग असा दहा मिनिटांत सरतो.

तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत थोडा चढ उरतो. तोही नको असेल तर बाइशाजवळच्या प्रासा दा फिगेरा या चौकातून ७३७ क्रमांकाची छोटी बस थेट किल्ल्यापर्यंत जाते. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांसाठी मी हीच सुचवेन.

४.२ किल्ला नऊला उघडतो, तेव्हाच आत जा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. साडेदहानंतर पर्यटकांच्या टोळ्या येऊ लागतात. आता खरं सांगायचं तर सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाला सां जोर्जचा हा किल्ला जरा बेतलेला वाटेल. आज दिसणारी बरीचशी तटबंदी १९३८ ते १९४० च्या डागडुजीतली आहे. तटावरून शहराचा जो आराखडा दिसतो त्यासाठी मात्र जावं. बाइशाचे काटकोनातले रस्ते, समोरची बायरो आल्तोची टेकडी, उजवीकडे ग्रासाची टेकडी. पुढचे दोन दिवस कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं ते इथे उभं राहून डोळ्यांनी ठरवा. वेळ किंवा पैसे कमी असतील तर किल्ला गाळा, पुढचा कठडा गाळू नका.

४.३ सांता लुझिया आणि पोर्तास दो सोल. किल्ल्यावरून पाच-सात मिनिटं उतरलं की हे दोन कठडे लागून येतात. दोन्ही फुकट. सकाळी सूर्य नदीच्या बाजूने, म्हणजे समोरून येतो, त्यामुळे फोटोत छपरं काळपट येतात. छपरांवर ऊन पडलेला फोटो हवा असेल तर दुपारनंतर पुन्हा यावं लागेल. एका फोटोसाठी परत चढायचं का, ते तुम्ही ठरवा.

४.४ अल्फामात उतरा. सांता लुझियाच्या बाजूने जुन्या तटाला लागून पायऱ्या उतरतात. त्या घ्या. क्रम असा: सां मिगेलचा चौक, तिथून सांतो एस्तेवाओ चर्चच्या बाजूला, मग रुआ दोस रेमेदियोस, आणि शेवटी फादो या पोर्तुगीज गानप्रकाराच्या संग्रहालयासमोरचा शाफारीझ दे देंत्रोचा चौक. सगळ्या वाटा अखेर इथेच येतात. मधे कोणता बोळ घ्यायचा ते सांगणार नाही, सांगूनही उपयोग नाही. दीड ते दोन तास ठेवा. नुसतं उतरायचं म्हटलं तर वीस मिनिटं पुरतात, आणि घाईत असलेले लोक तेवढ्यातच उतरून "अल्फामा झालं" म्हणतात.

घरांची दारं थेट पायरीवर उघडतात. खिडकीत आजी बसलेली असते, डोक्यावर धुणं वाळत असतं. लोक इथे राहतात, हे विसरून फोन उघड्या दारात घालू नका. आधी "बों दिया" म्हणा, मग हाताने विचारा. नाही म्हणाल्या तर पुढे व्हा.

४.५ से चर्च शेवटी. फादो संग्रहालयाच्या चौकातून रुआ दे सां पेद्रोने पश्चिमेकडे चालत राहिलात, तर थोड्याशा चढाने तुम्ही से या मुख्य चर्चपाशी पोचता. तिथून बाइशा पाच मिनिटांचा उतार. बहुतेक लोक से चर्चपासून सुरुवात करून वर चढतात. हीच सगळ्यांत नेहमीची चूक.

> तपासा: दुपारी एकपर्यंत तुम्ही खाली सपाटीवर आहात का? असाल तर बेत नीट चालला आहे. अजून वर असाल तर जेवून घ्या, पण पुन्हा वर जाणारं काही बेतात घालू नका.

> सावधान: पाऊस पडत असेल तर हा टप्पा पुढे ढकला. ओल्या दगडी पायऱ्यांवर छत्री धरून उतरणं म्हणजे पाय मोडून घेण्याची तयारी. त्या दिवशी बाइशा किंवा बेलें करा.

## टप्पा ५: ट्राम २८ ई, घ्यायची की नाही

ही ट्राम मार्तीं मोनीझहून ग्रासा, अल्फामा, बाइशा, शियादोवरून काम्पो दे ओरिकला जाते. ती पर्यटकांसाठी चालवलेली सफर नाही, नेहमीची सार्वजनिक ट्राम आहे. सकाळी अकराला मार्तीं मोनीझच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलात तर तासभर जातो, आणि मग आत दाटीवाटीने उभं राहून समोरच्याचं डोकं पाहावं लागतं.

घ्यायचीच असेल तर सकाळी साडेआठच्या आत घ्या, किंवा रात्री जेवणानंतर. नाहीतर दुसऱ्या टोकाहून, काम्पो दे ओरिकच्या स्मशानभूमीजवळच्या थांब्यावरून चढा, तिथे रांग लहान असते. शेवटच्या थांब्याला सगळ्यांना उतरावं लागतं. तसंच बसून परत येता येत नाही.

खिसेकापू या ट्राममध्ये रोजच्या ठरल्या वेळेला असतात असं म्हटलं तरी चालेल. पाकीट पुढच्या खिशात, पाठीवरची पिशवी पोटावर. चढताना मुद्दाम गर्दी करणारे दोघे-तिघे दिसले की ती ट्राम सोडा.

माझं मत विचाराल तर २८ ई पाहण्यासाठी नाही, चढण्यासाठी वापरा. पुढच्या टप्प्यात तिचं तेच काम आहे.

## टप्पा ६: ग्रासा ते मोरारिया (दुसरी सकाळ)

सकाळी लवकर मार्तीं मोनीझहून २८ ई पकडा आणि ग्रासाला उतरा. आधी सेन्योरा दो मोंते या कठड्यावर जा, तो आसपासच्या कठड्यांत सर्वांत उंच. ट्रामपासून तिथपर्यंत थोडं चढावं लागतं, आजच्या दिवसातला पायी चढ तेवढाच. मग परत येऊन ग्रासा चर्चसमोरचा कठडा. मंगळवार किंवा शनिवार असेल तर इथून सां विसेंते चर्चच्या मागे भरणारा जुना बाजार दहा मिनिटांवर आहे. भाव करायला हरकत नाही, पण "पुरातन" म्हणून विकल्या जाणाऱ्या सुट्या टाइल्स घेऊ नका. त्या कुणाच्या तरी भिंतीवरून उपटलेल्या असण्याची शक्यता बरीच असते.

ग्रासाच्या कठड्याशेजारून पायऱ्यांची वळणावळणाची वाट मोरारियात उतरते. ती घ्या. खाली रुआ दोस लागारेस, मग तेरेरिन्योचा चौक, मग बोळाबोळांतून सेवेरा चौक. वाटेत भिंतींवर त्या त्या घरांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची काळी-पांढरी छायाचित्रं लावलेली दिसतील. अल्फामाच्या मानाने इथे पर्यटक कमी.

शेवटाला रुआ दो बेंफोर्मोझो आणि मार्तीं मोनीझ. इथे बांगलादेशी, भारतीय, नेपाळी, पाकिस्तानी दुकानं ओळीने आहेत. तूरडाळ, पोहे, हिंग, कढीपत्ता, सगळं मिळतं. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर असेल तर आठवड्याचा शिधा इथूनच भरा. दुपारचं जेवण याच भागात उरका, शाकाहारी मंडळींची सोय लिस्बनमध्ये इतकी सहज दुसरीकडे क्वचितच होते. गोवन स्वयंपाक करणारी छोटी हॉटेलंही या भागात आहेत. तिथे शाकुती मिळेल, पण सोरपोतेल डुकराच्या मांसाचं, हे ऑर्डर देण्याआधी घरच्या मंडळींना सांगा.

> सावधान: लिस्बनच्या कोणत्याही कॅफेच्या काचेत "शामुसा" दिसते. आकार, रंग, सगळं आपल्या सामोशाचं. ती गोव्यातूनच तिकडे गेलेली. पण आत बहुधा मांस असतं, कधी गोमांस. विचारल्याशिवाय उचलू नका. "सें कार्न, सें पैश" म्हणजे मांस नको, मासे नकोत. हिरव्या कोबीच्या काल्दो वेर्द सुपातही सॉसेजची चकती टाकतात. आणि पास्तेल दे नाता या गोड पदार्थाच्या सारणात अंडं असतंच.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हसून परत पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही. कॉफी काउंटरवर उभ्याने घेतली तर स्वस्त, बाहेरच्या खुर्चीत बसून घेतली तर महाग.

## टप्पा ७: शियादो आणि बायरो आल्तो (दुपार ते संध्याकाळ)

बायरो आल्तो सकाळी पाहायला जाणारे पुष्कळ. सकाळी तिथे बंद शटर आणि रात्रीच्या बाटल्या याशिवाय काही नसतं. दुपारी चारनंतर निघा.

चढण्यासाठी सांता जुस्ताची १९०२ सालची लोखंडी लिफ्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच तिच्यापुढे रांग असते. तिच्यासाठी थांबू नका. बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनात बाइशाच्या बाजूने शिरा आणि एकामागून एक सरकत्या जिन्यांनी शियादोच्या दाराने बाहेर पडा. तेवढाच चढ, रांगेशिवाय. कार्मोच्या चौकात गेलात की त्याच लिफ्टच्या वरच्या पुलापाशी तुम्ही पायी पोचता.

पुढचा क्रम: कार्मोचा चौक, मग सां रोके चर्च. बाहेरून हे चर्च अगदी साधं, त्यामुळे लोक वळून जातात. आत मात्र सोनं, संगमरवर आणि मोझॅकची देवळीवजा दालनं आहेत. सॅक्रिस्टीत, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत, फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमालिका लावलेली आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बासिलिकेत ज्यांचं शव आहे तेच हे. गोवा पाहिलेल्या माणसाने ही खोली चुकवू नये. सॅक्रिस्टी उघडी नसेल तर दारावरच्या माणसाला विचारा.

मग सां पेद्रो दे आल्कांतारा कठडा. सूर्य मावळतीला जाताना समोरच्या किल्ल्यावर ऊन पडतं, संध्याकाळचा फोटो इथूनच काढा. तिथून रस्ता ओलांडला की बायरो आल्तोच्या सरळ, अरुंद गल्ल्या सुरू. दक्षिणेकडे उतरत कालयारीझच्या चौकात या, मग बिकाच्या उतरत्या रस्त्याने काइश दु सोद्रेला, मेट्रोपाशी.

> सावधान: जुन्या माहितीत बिका, ग्लोरिया आणि लाव्रा या उतारावरच्या दोरीच्या ट्रामने चढायला सांगितलेलं असतं. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरियाच्या डब्याला भीषण अपघात होऊन १६ जण गेले आणि त्यानंतर या ट्राम तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. सुरू झाल्या आहेत की नाही ते कारिस या परिवहन कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. त्यांच्या भरवशावर चढाचा बेत करू नका.

## टप्पा ८: बाइशा, मधल्या वेळेत

बाइशासाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही. सपाट आहे, येता-जाता होते. एक मात्र मुद्दाम पाहा: रोसियोजवळचं सां दोमिंगोस चर्च. १९५९ च्या आगीत ते जळलं, आणि भाजून फुटलेले खांब तसेच ठेवून वर छत घातलं आहे. पाच मिनिटं लागतात, तिकीट नाही.

रुआ आवगुस्तावर कुणीतरी जवळ येऊन हळूच गांजा-चरस हवा का विचारतं. तो माल बहुधा खोटा असतो, पोलिसांचं लफडं मात्र खरं. मान हलवायची, चालत राहायचं, थांबून उत्तर द्यायचं नाही. याच रस्त्यावर फोटोंचे फलक लावून हाका मारणारी हॉटेलंही टाळा. दोन गल्ल्या आडव्या गेलात की तेच जेवण बऱ्याच कमी पैशांत मिळतं.

## टप्पा ९: बेलें, अर्धा दिवस

बेलें शहराच्या पश्चिमेला सुमारे सहा किलोमीटर, नदीकाठी आणि पूर्ण सपाट. दोन दिवस चढ-उतार झाल्यावर तिसऱ्या दिवशी पायांना इथे विश्रांती मिळते. लोक १५ ई ट्रामने लोंबकळत जातात. काइश दु सोद्रेहून काश्काइशकडे जाणारी लोकल घ्या, मोकळी असते आणि लवकर पोचते. गाडी बेलेंला थांबते ना, एवढं फलकावर बघून चढा, जलद गाड्या थांबत नाहीत.

जेरोनिमोसमध्ये दोन रांगा असतात, चर्चची वेगळी आणि मठाच्या तिकिटाची वेगळी. चुकीच्या रांगेत अर्धा तास उभी राहिलेली माणसं रोज दिसतात. आधी पुढे जाऊन फलक वाचा, मग रांगेत लागा. वास्को द गामाची समाधी चर्चमध्ये आहे. तेवढ्यासाठी मठाचं तिकीट लागत नाही. बेलेंच्या बुरुजावर दुरुस्तीची कामं निघतात, आतून पाहायचा असेल तर उघडा आहे का ते आदल्या दिवशी तपासा. बाहेरून पाहिला तरी भागतं, आतला जिना अरुंद आणि रांग लांब.

## टप्पा १०: फादोची रात्र

फादो ऐकायला पुन्हा अल्फामात जायचं असतं, पण यावेळी वरून नाही. सांता आपोलोनिया मेट्रोला उतरून शाफारीझ दे देंत्रोच्या चौकात पायी या, चढ जवळजवळ नाही.

जागा निवडताना दारावरचा दरफलक वाचा. काही ठिकाणी किमान अमुक रकमेचं खावं-प्यावंच लागतं, काही ठिकाणी गाण्याचे वेगळे पैसे. दोन्ही रीतसर आहेत, फक्त बसण्याआधी विचारा. जेवणात शाकाहारी काही आहे का हेही तेव्हाच. स्वस्तात ऐकायचं असेल तर "फादो वादियो" लिहिलेली छोटी खानावळ शोधा, तिथे हौशी गायक आळीपाळीने गातात. कधी सामान्य, कधी अंगावर काटा आणणारे.

गाणं सुरू होताना दिवे मंदावतात. तेव्हापासून बोलणं बंद, चमचे खाली, फोन खिशात. वाढपीही थांबतात. मधेच उठून जाऊ नका. तीन-चार गाण्यांनंतर खंड पडतो, तेव्हा बिल मागा.

परतताना रात्री बोळांतून वर चढून जवळची वाट काढायचा मोह आवरा. आलात त्याच खालच्या रस्त्याने सांता आपोलोनियाला जा. मेट्रो रात्री एकपर्यंत चालते, पण मार्गिका बदलायची असेल तर साडेबाराच्या आतच स्टेशनात शिरा. मुक्काम अल्फामातच असेल तर चाकांच्या बॅगा आणि मोठ्याने गप्पा, दोन्ही रात्री अकरानंतर नकोत. त्या बोळांत आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, आणि खिडकीतल्या आजींना सकाळी तुम्हाला पुन्हा "बों दिया" म्हणायचं असतं.